दुसरे दार

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची? म्हण ऐकून आपण हसतो. परंतु ज्या कुणा बाईच्या तोंडून ती पहिल्याने निघाली असेल, तिने तो प्रश्न थट्टेने विचारला नसावा. पावसाला निदान एखादा आडोसा तरी पाहता येतो. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाला आपल्या मुलखात कोणकोणती उत्तरे मिळाली, आणि उत्तरे मिळूनही पुष्कळ बायका दाद मागायला का गेल्या नाहीत, त्याची हकिगत मी इथे सांगणार आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. मला वाटते, तो याच सणात निघायला हवा. कारण आमच्या आज्या-पणज्यांची दाद लागली तर दिवाळीतच लागत असे.

दिवाळी जवळ आली की सासुरवाशिणीचे डोळे वाटेकडे लागत. मुराळी येई, गाडीत बसवून बहिणीला माहेरी नेई. चार दिवस न्हाऊ-माखू घालणे होई, आणि त्या न्हाऊ घालण्यातच आईला पाठीवरचा वळ दिसे. बोलायची गरज नसे. मग आई बापाच्या कानावर घाली, बाप गप्प राही, भाऊ दात-ओठ खाई; आणि भाऊबीज ओवाळून झाली की तीच गाडी पुन्हा सासरच्या वाटेला लागे. माहेर हे असे न्यायालय होते. तिथे साक्ष निघे, आसवेही निघत. निकाल मात्र ठरलेला असे, की बाई, नांदायला जा. उरलेली फिर्याद ती जात्यापाशी सांगे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या चाळल्या तर देवादिकांच्या आणि भावाच्या कौतुकाच्या जोडीला सासरचा जाच आणि नवऱ्याचा मार यांनाही त्यांत पुष्कळ जागा आहे. पहाटेच्या काळोखात दगडाला सांगितलेली ही गाऱ्हाणी. दगड चुगली करीत नाही, म्हणूनच ती बोलली गेली.

माहेराखेरीज दुसरे दार सरकारी कोर्टाचे. ते इंग्रजी अमदानीत उघडले खरे. पण आधी नवऱ्याला उघडले. रखमाबाईंचा खटला वाचकांना ऐकून ठाऊक असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी दादाजी भिकाजी या आपल्या नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली दादाजीने बायको ताब्यात मिळावी म्हणून फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की तिने नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेला वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. या खटल्यात मारहाणीचा प्रश्न नव्हता. तरी मारहाण सोसणाऱ्या प्रत्येक बाईला त्यातून जे समजायचे ते समजले : कोर्टाचा बेलिफ तिला घराबाहेर काढायला येणार नव्हता, आला तर तिला घरात घालायलाच येणार होता.

खटल्याच्या थोडे आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. ज्या दोषांचा ठपका बायकांवर ठेवता ते सगळे पुरुषांत नाहीत काय, असे खडसावून विचारणारे ते छोटेखानी पुस्तक. त्याचे फारसे स्वागत झाले नाही, आणि ताराबाईंनी पुन्हा पुस्तक छापल्याचे दिसत नाही. बोललेल्या बाईला गप्प करायचा एक मार्ग असाही असतो. मारावे लागत नाही. उत्तरच दिले नाही की काम भागते.

त्याच सुमारास काही दयाळू माणसांनी आणखी दारे उघडली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तसेच गृह उभे राहिले. विठोबाच्या दर्शनाचे निमित्त काढून आलेल्या कितीएक अभागी विधवा तिथे बाळंत झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढे त्यांचा सगळा व्याप केडगावला गेला. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन लागते. दुष्काळाच्या आणि प्लेगाच्या त्या वर्षांत हजारावर बायका-मुलींना या माळावर आसरा मिळाला. कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी १८९६ साली स्थापन केली.

या थोर कामांना कमीपणा देण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यांतली बहुतेक दारे मुख्यतः विधवांसाठी होती. जिचा नवरा मेला तिच्यासाठी समाजाच्या काळजाला थोडा पाझर फुटला होता. जिचा नवरा हयात होता आणि रोज रात्री पिऊन येत होता, तिच्यासाठी कुणाला काही सुचत नव्हते. ती सवाशीण होती. हळदीकुंकवाला तिला मानाने बोलावीत. कपाळावरचे कुंकू हाच तिच्या वाटेतला अडसर होऊन बसला होता.

आता आमच्या गावाकडे वळते. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच सगळे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हातमागाचा धंदा तर इथे त्याआधीपासून होता. त्या काळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येत राहिली आणि शहराच्या पूर्वभागात त्यांची वस्ती वाढत गेली. तिथे आजही घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी नाहीतर दखनी अशी चार भाषांची सरमिसळ असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा सगळा भाग रस्त्यावर लोटतो. आम्हा सोलापूरकरांना या मिसळीचा अभिमान आहे, आणि तो सार्थच आहे.

परंतु परमुलखातून लग्न होऊन आलेल्या मुलीला ही मिसळ कशी दिसत असेल? तिचे माहेर करीमनगरकडे नाहीतर नलगोंड्याकडे. मुराळी येणार तो गाडी बदलत, आणि त्याला मजुरी बुडवून यायचे. गल्लीतली माणसे तिच्या भाषेची, म्हणजे नवऱ्याच्या नात्यागोत्यातली. गल्लीबाहेरची माणसे परक्या भाषेची. चौकीवर गेली तर जबाब मराठीत लिहिला जाणार. शाळेत शिकवताना पालकसभेला मी हे नेहमी पाहते : आईला मराठी नीट येत नाही, मग मुलगीच दुभाषी होते. मी म्हणते, गणितात कच्ची आहे. मुलगी आईला तेलुगूत भलतेच काही गोड सांगते, आई खूश होते, आणि मलाही हसू येते. पण आईला चौकीवर जायची पाळी आली तर तिथेही हीच मुलगी दुभाषी होणार. बापाने आईला कुठे आणि कशाने मारले हे दहा वर्षांच्या पोरीने फौजदाराला मराठीत समजावून सांगायचे! कुठली आई हे करील? ती गप्प बसते. तिच्या त्या गप्प बसण्याला आपण अडाणीपणा म्हणतो.

हातमागाच्या घरात बाई कांड्या भरी, सूत उकली; पण तिच्या कामाची निराळी मजुरी नसे. कापड विकले गेले की पैसा घरच्या कर्त्याच्या हातात येई. विड्यांच्या धंद्याने हे पहिल्याने बदलले. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवून कापायची, सुपात घेऊन वळायची, आणि विड्या मोजून द्यायच्या. हजारी दराने मजुरी. १९६६ सालच्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले, आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाल्यावर तिच्या हाती ओळखपत्र येऊ लागले. शिधापत्रिकेवर नवऱ्याचे नाव पहिले असायचे; विडी कामगाराच्या कार्डावर मात्र तिचे. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरांच्या चुली या सुपावर पेटत राहिल्या.

कमावती झाली म्हणजे बाई मोकळी झाली, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. मजुरी हातात पडली तरी ती खर्च कुणी करायची, हे घरी ठरे. काम सुटलेल्या पुरुषाला बायकोची कमाई खुपे, आणि तिच्यातूनच त्याला दारूही हवी असे. शिवाय घरी बसून करायचे काम म्हणजे घरच कारखाना : घर सोडले तर कामही हातचे जायचे. तरीसुद्धा एक गोष्ट झाली. पाने घ्यायला आणि विड्या द्यायला ती उंबरठ्याबाहेर पडू लागली. रांगेत बायकांत बसू लागली. जात्यापाशी दगडाला सांगायच्या गोष्टी तिथे माणसाला सांगता येऊ लागल्या.

कायद्याचे पुढे काय झाले? मुंबई राज्यात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, तो आमच्या जिल्ह्याला लागू होता. १९५५ साली सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा आला. घटस्फोट मिळू लागला. पण घटस्फोट घेऊन जायचे कुठे? मारहाणीला स्वतंत्र गुन्हा म्हणून नाव मिळायला १९८३ साल उजाडले. त्या वर्षी दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला होता. शिकलेली, सुस्थितीतली मुलगी. सासरच्या दुःखाची पत्रे तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिली होती. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून त्याला निर्दोष सोडले. कायद्याचा निकाल तो निकाल. परंतु महाराष्ट्रातल्या घराघरांत ती पत्रे वाचणाऱ्यांच्या मनात दुसराच प्रश्न राहिला : मुलीने लिहून कळवावे आणि आपण तिला घरी आणू नये, असे आपल्या हातून का होते? विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे त्यांचे प्रदर्शन गावोगाव फिरले, आणि ‘बोलते व्हा’ नावाचे केंद्र निघाले. नावातच सगळे आले. १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच बायकांसाठी विशेष कक्ष उघडला, म्हणजे चौकीत शिरलेल्या बाईला खाकी कपड्यांखेरीज दुसरेही कुणी भेटावे.

खरा पालट २००५ साली झाला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा त्या वर्षी संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने प्रथमच म्हटले, की बाई ज्या घरात नांदते त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग ते घर कुणाच्याही नावावर असो. तिला बाहेर काढता येणार नाही. उलट गरज पडली तर मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगता येईल. अर्ज लिहायला मदत करायला संरक्षण अधिकारी आहे. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही त्यात लिहिले आहे. १८८७ साली कोर्ट म्हणाले, घरात जा नाहीतर तुरुंगात जा. २००६ पासून कोर्ट म्हणते, हिला घरातून काढाल तर गाठ आमच्याशी आहे. मध्ये जवळजवळ एकशेवीस वर्षे गेली.

तरीही बायका बोलत नाहीत. २०१९ ते २१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या दर दहा बायकांतल्या सुमारे तिघींनी नवऱ्याच्या हातून त्रास सोसल्याचे सांगितले. आणि ज्यांनी मारहाण वा जबरदस्ती सोसली, त्या शंभरांतल्या केवळ चौदा जणींनी कधी कुणाची मदत मागितली होती. सत्त्याहत्तर जणींनी ती मागितलीच नव्हती, इतकेच नव्हे, तर कुणाला सांगितलेही नव्हते. ज्यांनी मागितली त्यांतल्याही बहुतेकजणी आपल्या माणसांकडेच गेल्या. पोलिसांकडे गेलेल्या फारच थोड्या. म्हणजे शंभर वर्षांनंतरही पहिले न्यायालय माहेरच आहे.

हे आपल्याच देशात आहे असे समजू नये. अमेरिकेत मेक्सिकोहून आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांची कहाणी ऐकावी, तर ती आमच्या पूर्वभागातली वाटते. भाषा येत नाही, माहेर दूर, आणि राहण्याचा परवाना नवऱ्याच्या हातात. बोललीस तर देशाबाहेर काढवीन, ही धमकी. म्हणून १९९४ साली तिथल्या कायद्याने सोय केली, की अमेरिकन नागरिकाच्या किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्याच्या जाचातल्या बायकोने आपला अर्ज स्वतःच करावा, नवऱ्याची सही लागू नये. आपल्याकडच्या मुलींसाठीही तिथे दार लागलेच. १९८५ साली न्यू जर्सीत ‘मानवी’ नावाची संस्था आपल्या उपखंडातल्या स्त्रियांसाठी निघाली. जावई अमेरिकेत म्हणून आपण पेढे वाटतो. पण त्याच्या व्हिसाच्या आधाराने गेलेल्या बायकोला तिथे वर्षानुवर्षे नोकरीची परवानगी नव्हती. २०१५ साली ती काहीजणींना मिळाली. उच्चविद्याविभूषित मुलगी, हाती पैसा नाही, आणि दिवाळीला मुराळी येणार तो समुद्र ओलांडून! सोलापूरच्या विडी कामगारणीत आणि तिच्यात मग अंतर किती राहिले?

असे पाहत गेले की गप्प बसण्याचे कारण उलगडते. बाई भित्री नसते, मूर्खही नसते. तिने हिशेब केलेला असतो. आज बोलले, तर आजची रात्र कुठे? पोरे कुठे निजतील? उद्याची मजुरी? या प्रश्नांना उत्तर असेल तर ती बोलते, नसेल तर ‘झाकली मूठ’ म्हणून सोसते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी पाहणी करून २००५ साली जे दाखवून दिले ते इथे सांगण्यासारखे आहे. ज्या बायकांच्या नावावर घर नाही नि जमीन नाही, अशा शंभरांतल्या एकोणपन्नास जणींनी लग्नानंतर दीर्घकाळ मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर घर आणि जमीन दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरांत सात होते. शिकवण, उपदेश, व्याख्याने यांचे मोल आहेच; पण जिला दुसरे दार आहे तिच्यावर हात उचलताना पुरुषालाही विचार करावा लागतो.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत आहे. कॉम्रेड गोदुताई परुळेकरांचे नाव तिला दिलेले आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने बायकांनी सहकारी संस्था केली, पै पै साठवली, सरकारी अनुदान मिळवले, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुमारे दहा हजार घरांचा ताबा दिला गेला. छोटीशीच घरे. माळावरचे ऊन, लांबचा रस्ता, असुविधाही पुष्कळ. घराच्या भिंती उठल्या म्हणून पुरुषाचा हात थांबतो असे नव्हे. परंतु संस्थेच्या नावातच ‘महिला विडी कामगार’ हे शब्द आहेत. ‘माझ्या घरातून चालती हो’ हे वाक्य पुरुषाने अनंत काळ वापरले. ते वाक्य आता तिलाही म्हणता येईल, इतकी तरी सोय झाली.

आता थोडे आपल्या घरातले. १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली सबंध देशाने, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. कायदा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची चालही जोरात सुरू झाली. सही करताना ती बहुधा कुरकुरत नाही. तिचा हिशेब इथेही पक्का असतो : वाटा मागितला तर माहेर तुटेल, आणि माहेर तुटले तर दिवाळीचे चार दिवसही गेले. दुसरे दार थोडे किलकिले राहावे म्हणून ती त्या घरातली आपली मालकी सोडून देते. आणि भाऊबीजेला तबकात पडलेली साडी घेऊन आनंदाने परत जाते. याच महाराष्ट्रात १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शब्दाखातर शेतकऱ्यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून आपल्या बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या होत्या, हेही विसरू नये. लक्ष्मीपूजनाचा तो एक प्रकार होता.

आज १८१ या क्रमांकावर फोन करता येतो, ‘सखी’ नावाची सरकारी केंद्रे २०१५ पासून निघाली आहेत, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या ४९८-अ कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ८५वे कलम आले आहे. हे क्रमांक घरातल्या मुलींना पाठ असावेत. पण क्रमांक फिरवण्याआधी बाई कुणाच्या तरी तोंडाकडे पाहते, आणि ते तोंड बहुधा आईचे, भावाचे, नाहीतर शेजारणीचे असते. तेव्हा या दिवाळीत लेक, बहीण, वहिनी, भाची घरी येईल, तेव्हा फराळाच्या गडबडीतून तिला घडीभर एकटीला बाजूला घ्या. जावई बसलेला असताना ‘सुखी आहेस ना?’ असे विचारू नका. त्याला उत्तर एकच असते. ती बोललीच, तर ‘थोडे सोस’ म्हणण्याआधी तिच्यासाठी आणि तिच्या पोरांसाठी घरात अंथरूण कुठे घालता येईल ते बघा. आणि भावाने यंदा ओवाळणी घालताना, कपाटात हक्कसोडपत्राचा कागद सहीची वाट पाहत पडला असेल, तर त्याचे काय करायचे तेही ठरवावे.